वाढत्या अंगाची बंदूक

प्रशिक्षणानिमित्त अमेरिकेतील मिसुरी राज्यात राहत असताना शेजारचे गृहस्थ एकदा मला बंदुकीच्या दुकानात घेऊन गेले. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीला वसंतातील टर्कीच्या शिकारीसाठी पहिली शॉटगन घ्यायची होती. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यासाठी सामान्यतः २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. त्यामुळे मी काहीसा धास्तावलोच होतो.

तरीही अर्थशास्त्राच्या सवयीने म्हणालो, "बारा गेजची घ्या, मोठेपणीही चालेल." ते हसले. तिचा धक्का एकदा खांद्याला बसला, की मूल पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटते. नेम चुकतो आणि पक्षी जखमी होऊन निसटतो. फार हलकी बंदूकही नको, कारण त्याच काडतुसाला ती अधिक धक्का देते. त्यांनी वीस गेजची, आखूड दस्त्याची निवडली. दस्ता मुलीच्या खांद्याला लावून बोट चापापर्यंत सहज पोहोचते ना, हे पाहिले. टर्कीच्या डोक्या-मानेवर नेम धरायचा असतो, म्हणून छरे एकवटणारा चोकही घेतला.

मला माझा मुलगा आठवला. 'वाढत्या अंगाची' म्हणून मी त्याला मोठी सायकल घेतली होती. पाय टेकेनात, तो पडला, हात मोडला आणि पुन्हा सायकलला शिवला नाही. काटकसर माझी होती, किंमत त्याने मोजली.

आता एखाद्या योजनेचा प्रस्ताव समोर आला, की खर्चाच्या तक्त्याआधी मी लाभार्थ्याचे माप शोधतो. पुष्कळदा ते घेतलेलेच नसते.