आभाळाला केरसुणी नाही

आमच्या सोलापूरच्या घरी लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतात. लहानपणी आम्ही अंगणातला केर हळूच शेजारच्या दारात लोटीत असू, आणि आई आम्हांला तो मुकाट्याने उचलून आणायला लावी. हल्ली केरसुणी पाहिली की मला आभाळ आठवते. हसू नका, सांगतो.

२०२२ सालचा पाडवा, २ एप्रिल. गुढी उतरवून आम्ही जेवायला बसणार, तोच चंद्रपुरास दिलेल्या अक्काचा फोन आला. "बाळू, आभाळातून आगीची माळ गेली रे! काय असेल?" मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "उल्का असेल अक्का. नमस्कार कर आणि झोप जा."

पुढे वर्तमानपत्रात वाचले, की त्या रात्री सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले! ते चिनी अग्निबाणाचे असावे, असे जाणकारांचे मत पडले. सुदैवाने कोणी दगावले नाही. मला मात्र माझ्या त्या "झोप जा"ची लाज वाटली.

मग मी या विषयाच्या मागेच लागलो. १० फेब्रुवारी २००९ रोजी सैबेरियावर, सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर, एक बंद पडलेला रशियन उपग्रह एका चालू अमेरिकी उपग्रहावर आदळला. दोहोंच्या हजारो ठिकऱ्या उडाल्या. तिथली ठिकरी सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. ती दुसरा उपग्रह फोडते, त्याच्या ठिकऱ्या तिसरा फोडतात. डोनाल्ड केसलर या शास्त्रज्ञाने हा धोका १९७८ सालीच सांगून ठेवला होता. आज एक सेंटीमीटरहून मोठे तुकडे दहा लाखांवर असल्याचा अंदाज आहे. वादळाची आगाऊ वर्दी देणारे उपग्रह याच गर्दीतून वाट काढतात.

दोष केवळ परक्यांचा नाही. २७ मार्च २०१९ ला आपण आपलाच एक उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला, तेव्हा मी आळीत पेढे वाटले होते. तो कमी उंचीवर होता, म्हणून बहुतेक तुकडे लौकरच खाली येऊन जळाले. पण काही वर उडालेच. आता २०३० पर्यंत आपल्या मोहिमा कचरा मागे न ठेवणाऱ्या करायच्या, असा संकल्प इस्रोने सोडला आहे. तो तडीस जावो.

परवा अक्काला हे सारे फोनवर सांगितले. तिने विचारले, "मग वरचा केर काढायचा कोणी रे?"

"ज्याने टाकला त्याने," मी म्हणालो.

"हे तर आई सांगायचीच," अक्का म्हणाली.