पेट्रोलचा काटा आणि उद्यमनगर

कोल्हापूरला येणारा पाहुणा अंबाबाईचे देऊळ पाहतो, रंकाळ्यावर फिरतो, तांबडा-पांढरा रस्सा ओरपतो, जाताना पायताण घेतो आणि परतीच्या गाडीला बसतो. बागल चौकाच्या बाजूला असलेले शिवाजी उद्यमनगर त्याच्या यादीत नसते. तेथे देऊळ नाही, तळे नाही, फोटो काढावा असेही काही नाही. पण हे शहर आपल्या हातांनी काय करू शकते ते ज्याला पाहायचे असेल, त्याने अर्धा दिवस काढून उद्यमनगरात जावे. आम्ही परवा गेलो ते हौसेने नव्हे, कामाने गेलो. तरीही पाहण्यासारखे इतके दिसले की वाचकांपुढे मांडावेसे वाटले.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात कापड गिरणीचा पाया घातला. ती गिरणी आता बंद आहे. पण यंत्राला हात लावायला न घाबरणारी माणसे या गावात पिढ्यान्‌पिढ्या तयार होत राहिली. उसाचे चरक, शेतीची तेल इंजिने, ओतकामाचे सुटे भाग यांनी कोल्हापूरचे नाव दूरवर गेले. पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत मोठे कारखाने उभे राहिले. उद्यमनगर मात्र अजूनही लहान कारागिराचेच आहे. एका गाळ्यात लेथ फिरते आहे, शेजारी वेल्डिंगची ठिणगी उडते आहे, पलीकडे कुणी फक्त रेडिएटर दुरुस्त करतो, कुणी फक्त पाटे बसवतो, तर कुणी मोटारीचे वाइंडिंग भरतो. लोखंडाच्या किसाचा आणि तेलाचा वास रस्त्यावर येतो. चहावाल्या पोऱ्याला प्रत्येक गाळ्यातले कपांचे गणित तोंडपाठ असते.

आमच्या वस्तीतील मंडळाकडे एक जुनी पेट्रोल व्हॅन आहे. वर्गणीतून घेतलेली. लग्नाचे वऱ्हाड, परीक्षेला जाणारी मुले, विहारातील कार्यक्रमाच्या सतरंज्या आणि रात्री-अपरात्री सीपीआरला न्यायचा पेशंट, सगळे तिच्यातूनच जाते. गाडी चालवणारा तरुण वस्तीतलाच आहे. पेट्रोलची पावती तो आणतो आणि हिशेबाची वही आमच्याकडे असते.

गेल्या हिवाळ्यात या व्हॅनचा पेट्रोलचा काटा बिघडला. आता काटा बिघडणे ही काही बातमी नव्हे. जुन्या गाड्या चालवणारे पुष्कळ जण काट्याकडे न पाहता अंदाजाने पेट्रोल भरतात. पण या बिघाडातून दोन गोष्टी घडल्या. एका रात्री पन्हाळ्याकडील एका गावातून बाळंतपणासाठी एका भगिनीला आणताना गाडी वाघबीळच्या उतारावर बंद पडली. काटा पाव टाकी दाखवत होता, टाकी मात्र कोरडी होती. मागून आलेल्या दुधाच्या टेम्पोवाल्याने तिला सीपीआरला पोहोचवले. आई व बाळ सुखरूप राहिले, म्हणून तो विषय तेवढ्यावर थांबला.

दुसरी गोष्ट अशी, की दहा लिटरची पावती आली तरी काटा तसूभरच हललेला दिसे. मग कुजबुज सुरू झाली. "पेट्रोल जातंय कुठं?" हा प्रश्न बैठकीत कुणी उघडपणे विचारला नाही, पण पाराजवळ विचारला गेला. पोराच्या कानावर ते गेले. त्याने किल्ली आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "दुसरा बघा कोणतरी." गरिबाच्या पोराकडे नावाशिवाय दुसरी ठेव नसते. बिघडलेल्या काट्याने तीच काढून घ्यायची वेळ आणली होती.

आम्ही वाणिज्य शाखेचे. कारकुनीत आयुष्य गेले. कॅशबुक एक सांगते आणि बँकेचे पासबुक दुसरे सांगते तेव्हा आधी माणसाला धरायचे नसते, आधी दोन्हींची जुळवणी करायची असते, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवले गेले. म्हणून वही उघडली. मागील तीन महिन्यांत गाडी १,८६० किलोमीटर चालली होती आणि पावत्या १५५ लिटरच्या होत्या. म्हणजे लिटरला १२ किलोमीटर. एवढ्या जुन्या, माणसांनी भरून जाणाऱ्या व्हॅनला हे प्रमाण अगदी वाजवी होते. पेट्रोल रस्त्यावरच जळले होते. पण कागदावरची बेरीज पाराजवळच्या माणसाला पटत नाही. त्याला काटा दिसतो. तेव्हा काट्याचीच झडती घ्यायची असे ठरवून, चालकाला बरोबर घेऊन आम्ही उद्यमनगर गाठले.

ज्या मेस्त्रींकडे गेलो ते साठीच्या पुढचे. त्यांच्या गाळ्यात जुन्या गाड्यांचे मीटर भिंतीला टांगलेले. आम्ही तक्रार सांगितली तसे ते हसून म्हणाले, "काट्याला शिव्या देऊ नगासा, सायेब. त्येला खालनं जेवढं कळतंय, तेवढंच त्यो दावतोय."

मग त्यांनी जे समजावले ते शाळेतल्या मुलालाही कळावे असे होते. टाकीत एक तरंगता गोळा असतो, त्याला फ्लोट म्हणतात. तो एका तारेच्या दांडीला जोडलेला. पेट्रोल वाढले की गोळा वर येतो, कमी झाले की खाली जातो. दांडीचे दुसरे टोक एका पट्टीवर घासत सरकते. पट्टीवर ते कोठे टेकले आहे त्यावर विजेला होणारा अडथळा कमी-जास्त होतो. तेवढी वीज समोरच्या मीटरमधून वाहते आणि काटा त्याप्रमाणे हलतो. विजेची परतीची वाट गाडीच्या पत्र्यातून असते, तिलाच मेस्त्री लोक अर्थिंग म्हणतात. म्हणजे बिघाड चारच ठिकाणी असू शकतो: मीटर, वायर, अर्थिंग किंवा टाकीतले युनिट.

नवशिका मेकॅनिक आधी मीटर बदलतो, मग वायर बदलतो आणि गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा झाल्यावर टाकीकडे वळतो. आमच्या मेस्त्रींनी क्रम लावला. पहिला प्रश्न विचारला, "इंजिनाच्या गरमीचा काटा बराबर चालतोय न्हवं?" तो बरोबर होता. जुन्या गाड्यांत पुष्कळदा दोन्ही काट्यांना एकाच ठिकाणाहून ठराविक दाबाची वीज मिळते. दोन्ही काटे एकदम बिघडले तर दोष तेथे असण्याचा संभव जास्त. एकच बिघडला तर दुसरीकडे शोधायचे.

दुसरी पायरी अशी. टाकीपासून दूर असलेल्या जोडाजवळ युनिटची वायर सुटी केली. किल्ली फिरवली, काटा एका टोकाला गेला. वायर क्षणभर पत्र्याला टेकवली, काटा दुसऱ्या टोकाला गेला. कोणत्या वेळी कोणते टोक, हे गाडीच्या रचनेवर असते. काटा दोन्ही टोकांना पोहोचला याचा अर्थ मीटर व वायर निर्दोष. दोन मिनिटांत निम्मे संशयित सुटले.

तिसरी पायरी अर्थिंगची. पत्रा गंजला की विजेची परतीची वाट अडते आणि काटा खोटे सांगू लागतो. मेस्त्रींनी युनिटच्या बैठकीपासून चेसीपर्यंत एक वेगळी वायर तात्पुरती जोडली. काटा जागचा हलला नाही. म्हणजे अर्थिंगही ठीक होते. राहिली ती टाकी.

टाकी उघडण्यापूर्वी त्यांनी बॅटरीची ऋण बाजूची वायर काढली, गाडी गाळ्याबाहेर मोकळ्या हवेत घेतली आणि विडी ओढत उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाला दूर पाठवले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खड्ड्यात, कोपऱ्यात साचून राहते आणि डोळ्यांना दिसत नाही. एका ठिणगीला ती पुरते. हे काम घरी, बंद जागेत कुणीही करू नये असे त्यांनी चालकाला दोनदा बजावले.

मग पेट्रोल काढून मोजले. काटा पाव टाकी दाखवत होता. टाकी ३५ लिटरची, म्हणजे निदान आठ लिटर निघायला हवे होते. निघाले दीड लिटर. चालक काही बोलला नाही. मापाच्या डब्याकडे बघत राहिला.

युनिट बाहेर आले. मेस्त्रींनी फ्लोट कानाशी धरून हलवला. भोक पडून आत पेट्रोल शिरले असेल तर खळखळ ऐकू येते, आणि असा जड झालेला गोळा बुडून कमी पेट्रोल दाखवतो. आवाज आला नाही. दांडी वाकलेली नव्हती. मग मीटरची दोन टोके युनिटला लावून त्यांनी दांडी बोटाने हळूहळू खाली आणली. आकडा सुरळीत बदलत आला आणि पाव टाकीच्या जागी अडकला. दांडीही तेथे घट्ट झाली होती. "ह्ये बगा," त्यांनी पट्टी दाखवली. जिथे दांडी सर्वांत जास्त घासली तिथे पट्टी झिजली होती आणि बिजागरीवर जुन्या पेट्रोलचा चिकट थर बसला होता. आमची व्हॅन गरिबाची. टाकी कधी पूर्ण भरली जात नाही. पाव आणि अर्ध्याच्या मध्येच तिचे आयुष्य गेलेले, म्हणून झीजही तेथेच झालेली.

"साफ करून देतो, चार म्हैने चालंल," मेस्त्री म्हणाले, "पर रातीचा पेशंट न्हेणारी गाडी हाय न्हवं ही? नवं युनिट घाला." आम्ही नवे युनिट घेतले. बैठकीखालचे जुने पॅकिंगही बदलले, कारण तेथून पेट्रोल पाझरले तर दुरुस्तीपेक्षा मोठे संकट ओढवते.

काम येथे संपले असे आम्हाला वाटले होते. मेस्त्रींनी थांबवले. टाकी रिकामी असतानाच पाच-पाच लिटर मोजून ओतायला लावले आणि प्रत्येक वेळी काटा कुठे थांबतो ते कागदावर लिहायला सांगितले. टाकी सरळ डब्यासारखी नसते, खाली-वर आकार बदलतो. त्यामुळे काटा अर्ध्यावर म्हणजे टाकी अर्धी, असा सरळ हिशेब धरता येत नाही. आमच्या गाडीत काटा अर्ध्यावर आला तेव्हा २० लिटर झाले होते. तो कागद आता पुठ्ठ्यावर चिकटवून गाडीत ठेवला आहे.

पुढच्या रविवारी पडताळणीची फेरी काढली. टाकी काठोकाठ भरून आधी महामार्गाने कागलला गेलो. वाटेत दहा किलोमीटरच्या दगडांशी गाडीचे किलोमीटर ताडून पाहिले. तेही मोजमापच, त्यावरही डोळे झाकून विसंबायचे नसते. परत येऊन शिवाजी पूल ओलांडला आणि केर्लीवरून पन्हाळ्याची वाट धरली. डाव्या-उजव्या हाताला उसाची शेते होती. वाघबीळचा चढ लागला तसा काटा थोडा सरकला. टाकीत पेट्रोल एका बाजूला कलते म्हणून असे होते, सपाटीवर तो पुन्हा जागेवर येतो. म्हणून काटा नेहमी सपाट रस्त्यावर, गाडी थोडी थांबवून वाचावा. गडावर गार वारा होता. चालकाने तीन दरवाजाच्या बाजूला गाडी उभी करून सर्वांना चहा पाजला, स्वतःच्या पैशाने. परत येऊन त्याच पंपावर टाकी पुन्हा काठोकाठ भरली. ८४ किलोमीटर झाले, पेट्रोल ७ लिटर बसले. लिटरला १२. वहीतला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा एकच निघाला.

हा कागद मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवला. दीड लिटर निघाल्याचेही सांगितले. ज्यांनी पाराजवळ प्रश्न विचारला होता, त्यांच्यापैकीच एका वडीलधाऱ्यांनी उठून किल्ली चालकाच्या हातात दिली.

वाचकहो, कोल्हापूरकराला मोजपट्टीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती, हे इथले लहान मूलही विचारते. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. त्या आकड्यावर आंबेवाडी-चिखलीची माणसे गुरेढोरे हलवतात. २०१९ च्या महापुरात पाण्याने महामार्ग बंद पडला आणि शहरात पेट्रोलसाठी हाल झाले. तशा दिवसांत गाडीत खरोखर किती लिटर आहेत हे ठाऊक असणे म्हणजे किती जणांना बाहेर काढता येईल हे ठाऊक असणे.

म्हणून ज्या ज्या मंडळांकडे अशी जुनी गाडी असेल त्यांनी पावसाळ्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. गाडीत एक वही ठेवून प्रत्येक वेळी लिटर आणि किलोमीटर लिहावेत. महिन्यातून एकदा टाकी काठोकाठ भरून हिशेब जुळवावा. पेट्रोलच्या मापाबद्दल शंका असल्यास पंपावरील पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून दाखवण्याची मागणी करावी, तो ग्राहकाचा हक्क आहे. आणि पाव टाकीच्या खाली गाडी जाऊ देऊ नये. तळाचा गाळ वर ओढला जातो, आणि ज्या गाड्यांत पंप टाकीतच असतो तेथे पेट्रोलच पंपाला थंड ठेवत असते.

हिशेब जुळला नाही, तर उद्यमनगर फार लांब नाही. सकाळी लवकर जावे, मेस्त्री घाईत नसतात तेव्हा. आणि चालकाला बरोबर न्यावे.