पितळेचा स्वभाव

पितळेवर आपल्या भाषेने फार अन्याय केला आहे. एखाद्याचे ढोंग बाहेर आले की आपण म्हणतो, 'त्याचे पितळ उघडे पडले!' जणू सोने नसणे हाच त्या बिचाऱ्याचा गुन्हा. दिवाळीच्या आधी चिंच आणि राख घेऊन समया-घंगाळी घासायला बसावे, म्हणजे कळते की हा धातू सोन्याचे सोंग घेतच नाही. तांबे आणि जस्त मिळून तो झाला आहे, आणि ते तो कधी लपवीत नाही.

त्याच्या स्वभावाची दुसरी बाजू मला गेल्या दिवाळीत भडगावच्या घरी समजली, आणि तीही रायफलीच्या काडतुसामुळे!

आमच्या दादांची सारी नोकरी वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात झाली. १९६४ साली उभा राहिलेला हा कारखाना रायफलीच्या काडतुसांसाठीच प्रसिद्ध. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याला नेमबाजीचा नाद. झाडलेल्या पुंगळ्या टाकून न देता तो त्या घरीच पुन्हा भरतो. तिकडेच राहायचे त्याने वडिलांना न विचारता ठरवले, तेव्हापासून सहा वर्षे बापलेकांत 'बरे आहे ना?' यापलीकडे बोलणे नव्हते. दोघेही तापट असते तर एकदा कडाडून भांडले असते आणि मोकळे झाले असते. पण दोघेही कडक!

फराळ करता करता मी सहज विचारले, "काय रे, झाडलेली पुंगळी पुन्हा रायफलीत बसते तरी कशी?"

"तशीच नाही बसत, काका. बार उडाला की ती फुगते. मागाहून थोडी आवळते, पण मूळ मापावर येत नाही. मग वंगण लावून तिला पोलादी साच्यात दाबायची. वंगण कमी पडले तर साच्यातच रुतून बसते."

"आणि असे कितीदा चालते?"

"तिथेच तर गोम आहे. दर वेळी फुगायचे, दर वेळी दाबून घ्यायचे. त्याने तिची मान कडक होत जाते आणि एक दिवस चिरते."

झोपाळ्यावरचे वर्तमानपत्र खाली आले. "मान शेकत नाहीस का?" दादांनी विचारले.

"शेकतो ना, बाबा. पण बुडाला आंच लागू देत नाही."

"द्यायचीच नाही! बूड मऊ पडले तर स्फोटाचा दाब कोण सोसेल?"

मग दादा थांबेनात. पितळेच्या वाटीतून पुंगळी ओढताना मध्ये मध्ये भट्टी कशी दाखवावी लागते, ते त्यांनी सांगितले. इंग्रजी अमदानीत पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांना आपोआप भेगा पडत, तेही सांगितले. घोड्यांच्या मुताचा अमोनिया हवेत असे आणि पुंगळीत घडणीचा ताण उरलेला असे. दोन्ही एकत्र आले की पितळ फाटे. हे कोडे १९२१ साली उलगडले. उपाय साधा निघाला : बेताची आंच देऊन आतला ताण घालवायचा.

आपल्या तांबटाला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ठोके खाऊन भांडे कडक झाले की तो हातोडी ठेवतो आणि भांडे भट्टीत घालतो. पोलाद लालभडक तापवून पाण्यात बुडवले तर कडक होते. पितळ मात्र तसे बुडवले तरी मऊच राहते. ठोक्यांनी आलेला ताठरपणा उबेने जातो.

कुटुंबातही प्रत्येकजण कधी फुगतो, कधी दाबला जातो. त्याचे कोणाला काही वाटत नाही. पण मध्ये भट्टी दाखवायची राहून जाते, आणि मग एखाद्या लहानशा शब्दाने चीर पडते. आपण त्या शब्दाला दोष देतो.

पुतण्या काही परत आला नाही, आणि त्याचे बरोबर होते असे दादांनीही म्हटले नाही. बूड दोघांचेही शाबूत आहे. मात्र आता दर रविवारी अमेरिकेहून फोन येतो. वहिनी तक्रार करतात, "मेल्या त्या पुंगळ्यांपुढे मला बोलायला मिळतच नाही!" आणि हे सांगताना त्यांचा चेहरा नुकत्याच घासलेल्या समईसारखा लखलखत असतो.