नागौरची होळी

ती. आत्यास,


तुला एक चित्र दाखवायचंय. नागौरच्या राजवाड्यातली बाग, होळीचा दिवस, बायकांच्या घोळक्यात राजा बखतसिंह. १७४८ ते १७५० च्या सुमाराचं. मूळ चित्र जोधपूरच्या मेहरानगड म्युझियम ट्रस्टकडे असतं. २००८ साली वॉशिंग्टनला जोधपूरच्या राजघराण्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हापासून जगभर त्यांचा बोलबाला झाला.

नागौरच्या चित्रकारांचा हात हलका. महालांच्या भिंती फिकट, जवळजवळ पांढऱ्या, त्यामुळे होळीचा रंग लगेच डोळ्यांत भरतो. बायकांचे चेहरे मात्र सगळे एका छापाचे, एकाच बाजूने काढलेले, डोळे कानाकडे ओढलेले. राजा तेवढा राजा म्हणून ओळखू येतो. हे मला खटकतं. त्या बायकांनाही नावं होती, आवडीनिवडी होत्या. त्यातलं काहीच कागदावर उतरलं नाही.

तरी मी या चित्राकडे पुन्हा पुन्हा वळते ती पाण्यासाठी. हा मारवाड आहे, आत्या. पाऊस पडला तर पडला. तिथे नागौरच्या किल्ल्याच्या, अहिछत्रगडाच्या तटाच्या आत बखतसिंहाने हौद, पाट, कारंजी यांचं जाळं उभं केलं. पाणी साठवायचं, वर चढवायचं, महालामहालांतून खेळवायचं. ज्या गावात घागरभर पाण्याला मोल, तिथे राजा रंगाचं पाणी उधळतो! त्याच्या वैभवाची याहून मोठी खूण कोणती?

माणूस मात्र काळा इतिहास असलेला. १७२४ मध्ये त्याने बापाचा, अजितसिंहाचा खून केला. भाऊ अभयसिंह जोधपूरच्या गादीवर बसला आणि याच्या वाट्याला नागौर आलं. १७५१ मध्ये पुतण्या रामसिंहाला हुसकून त्याने जोधपूरही घेतलं, आणि पुढच्याच वर्षी तो वारला.

पुढचं तू आम्हाला शिकवलंस. रामसिंहाने शिंद्यांची मदत मागितली. मेडत्याच्या लढाईत हरलेला बखतसिंहाचा मुलगा विजयसिंह नागौरच्या किल्ल्यात शिरला. जयाप्पा शिंद्यांनी वेढा घातला, आणि १७५५ च्या जुलैत नागौरजवळच्या ताऊसरच्या छावणीत मारेकऱ्यांनी त्यांचा घात केला. तरी त्यांचे भाऊ दत्ताजी यांनी वेढा उठवला नाही. म्हणजे हे चित्र पुरं होऊन पाच-सात वर्षं झाली नाहीत तोच मराठी फौज त्याच तटाखाली येऊन बसली होती.

किल्ला इतके महिने टिकला कसा, याचं उत्तर आपण रजपुतांच्या शौर्यात आणि दग्यात शोधत आलो. मला वाटतं, त्यातला थोडा वाटा या हौदांचाही असणार. वाळवंटातल्या वेढ्यात आतल्याला पाणी पुरलं की बाहेरचा थकतो. बागेसाठी कमावलेलं पाण्याचं शहाणपण लढाईत उपयोगी पडलं नसेल, हे मला पटत नाही. तुझ्या जुन्या टिपणांत छावणीतल्या पाण्याच्या हालांबद्दल काही असेल तर शोधशील का?

किल्ल्याचा जीर्णोद्धार झाला आहे, पाटही दुरुस्त झालेत. दिवाळीनंतर थंडी पडली की आपण दोघी जाऊ. जोधपूरपर्यंत रेल्वेने, पुढे गाडी करू. ताऊसरला जयाप्पांची छत्री आहे, तिथे तुला जायचंच असेल. बागेसाठी मात्र एक अख्खा दिवस माझा.

तुझी,
मनू