समुद्राकाठची शाळा

पुदुच्चेरीच्या समुद्रकिनाऱ्यालगतच्या जुन्या वस्तीत ‘लिसे फ्रान्से’ ही फ्रेंच माध्यमाची शाळा उभी आहे. १८२६ साली ती राजाच्या नावाने, ‘कॉलेज रॉयाल’ म्हणून सुरू झाली. पुढे फ्रान्समध्ये राजा उरला नाही, साम्राज्य लयाला गेले, पुदुच्चेरीही भारतात विलीन झाली. शाळा मात्र राहिली. सत्ता गेली की तिचे पुतळे हलवता येतात, रस्त्यांची नावे बदलता येतात. भाषेचे काय करावे, हा प्रश्न इतका सोपा नसतो.

गोव्यातील पोर्तुगीज अंमल डिसेंबर १९६१ मध्ये लष्करी कारवाईने संपला. पुदुच्चेरीचा निर्णय वाटाघाटींनी झाला. १ नोव्हेंबर १९५४ रोजी कारभार भारताकडे आला, २८ मे १९५६ रोजी करारावर सह्या झाल्या आणि १६ ऑगस्ट १९६२ रोजी तो अमलात आला. हे विद्यालय फ्रान्सने स्वतःच्या खर्चाने चालवावे, अशी तरतूद करारातच होती. तिथे जन्मलेल्यांना सहा महिन्यांच्या मुदतीत फ्रेंच नागरिकत्व निवडण्याची मुभाही त्यानेच दिली. एकाच गल्लीत, क्वचित एकाच घरात, दोन देशांचे नागरिक नांदू लागले.

त्या निवडीचा वारसा या शाळेच्या बाकांवर बसत आला आहे. घरी ‘अम्मा’ अशी हाक मारणारे मूल वर्गात फ्रेंचमध्ये उत्तर देते. त्याचा अभ्यासक्रम फ्रान्समध्ये ठरतो. शेवटी ‘बाकालोरेआ’ परीक्षेत तत्त्वज्ञानाची चार तासांची उत्तरपत्रिका लिहावी लागते. तिथे पाठांतर उपयोगी पडत नाही. स्वतःचा विचार पायरीपायरीने मांडावा लागतो. स्वातंत्र्य म्हणजे काय, हा प्रश्न पुदुच्चेरीच्या मुलाला कागदावर भेटण्याआधी घरातच भेटलेला असतो. आजोबांनी त्या सहा महिन्यांत कोणता देश निवडला, आणि का?

या शिक्षणाने जग मोठे होते, यात शंका नाही. मात्र त्याची किंमतही आहे. तमिळ इथे शिकवली जाते, पण विषय म्हणून. आईची भाषा वेळापत्रकातला एक तास होऊन बसते. मुलांना इंग्रजी शाळेत धाडणाऱ्या मराठी घरांना हा सल अनोळखी नाही. फरक इतकाच, की त्यांच्या निवडीला कुणी मुदत घातलेली नव्हती.

२०२६ साली या शाळेला दोनशे वर्षे होतात. शाळा सुटते, मुले फाटकाबाहेर पडतात. वर्गातले भांडण फ्रेंचमध्ये सुरू झालेले असते. रस्त्यावर येता येता ते तमिळमध्ये मिटते.