योग आणि क्षेम

जें नाहीं तें मिळविणें म्हणजे योग, आणि मिळालेलें राखणें म्हणजे क्षेम, असें आम्ही वर्गांत मुलांना वर्षानुवर्षें सांगत आलों. या दोहोंपैकीं दुसरें किती महाग असतें, हें दापोली तालुक्यांतील आमच्या वडिलार्जित घरानें शिकविलें.

घर समुद्रकांठचें, जांभ्या दगडाचें, कौलारू. पौषांत पुण्याचा पारा 10 अंशांच्या आसपास उतरला, कीं आमच्यासारख्या वृद्धांचे सांधे धरतात. तिकडे पहाटेस एक उपरणें पुरतें. हें सुख पूर्वजांनीं दिलें. आम्हांस त्यासाठीं कवडीही मोजावी लागली नाहीं. योग असा अनायासें घडला. क्षेम मात्र दर वर्षीं नव्यानें विकत घ्यावें लागतें.

मृगापूर्वीं घर शाकारावें लागतें. वानरांनीं फोडलेलीं कौलें बदलणें, कुजलेल्या रिपा काढणें, वाशांना वाळवी लागली कीं काय तें पाहणें, हीं कामें एक वर्ष पुढें ढकललीं, तर पुढील वर्षीं भिंत पाणी पिते. त्यांत 3 जून 2020 रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलें. कौलें पाचोळ्यासारखीं उडालीं, परसांतील पोफळी मोडून पडल्या. पोफळ लावल्यावर फळास येण्यास पांच-सहा वर्षें लागतात. म्हणजे घराचा थोडाफार खर्च ज्या उत्पन्नांतून निघे, तें उत्पन्न खर्च वाढला नेमक्या त्याच वेळीं आटलें. साऱ्या किनाऱ्यास एकदमच कौलें व कारागीर हवे झाले. तेव्हां चढलेली मजुरी पुन्हां उतरली नाहीं. सरकारनें 2019 च्या वित्त कायद्यानें स्वतःच्या वापरांतील दुसऱ्या घरावर काल्पनिक भाड्याचा आयकर आकारणें थांबविलें, ही गोष्ट खरी. परंतु वाळवी वित्त कायदा वाचीत नाहीं.

पूर्वीं आमच्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनांत भागणारें काम आतां तीन महिन्यांच्या वेतनांतही भागत नाहीं. धाकट्या बंधूंचें म्हणणें, घर विकून तिन्ही वांटे मोकळे करावे. त्यांत तथ्य आहे. मुंबईहून गिऱ्हाइकें येतातही. थोरल्या वहिनींचें म्हणणें निराळें. सून म्हणून ज्या उंबरठ्यावरून त्या आंत आल्या, तो परक्याच्या हातीं देण्यापूर्वीं आपणांस विचारावें, एवढेंच त्या म्हणतात.

या वादांत आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. बंद घराचा क्षय नांदत्या घराहून लवकर होतो. पूर्वीं वाशांना चुलीचा धूर लागे, नित्य केरवारा होई, गळती पहिल्याच सरीस कळे. आज नऊ-नऊ महिने कुलूप असतें, आणि गळतीची वार्ता छत खालीं आल्यावर पोंचते. पैशाहूनही माणसांचा वावर दुर्मिळ झाला आहे. म्हणून आम्हीं घरांत असा विचार मांडला, कीं खर्च तिन्ही शाखांनीं समान उचलावा, प्रत्येक शाखेनें वर्षांतून एक महिना तेथें राहावें, आणि शाकारणीच्या वेळीं कोणी तरी हजर असावें. तीन वर्षें हा क्रम टिकला, तर घर ठेवावें. न टिकला, तर वहिनींची अनुज्ञा घेऊन तें अशा कुटुंबास द्यावें, जें तेथें रोज चूल पेटवील.

धाकट्या बंधूंनीं पहिल्या वर्षाचा वांटा पाठविला आहे. वहिनींनीं पौष महिना मागून घेतला आहे. ज्या वाचकांचीं अशीं घरें कोंकणांत असतील, त्यांनींही रुपयांच्या हिशेबाशेजारीं दिवसांचा हिशेब एकदां मांडून पाहावा.