चांगीचा बाजार

सिंगापूरला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. शहराच्या आधी चांगी विमानतळाचंच कौतुक ऐकायला मिळेल! छपराखाली ४० मीटर उंचीचा धबधबा आणि भोवती खरीखुरी झाडं. २०१९ मध्ये उघडलेल्या या ‘ज्युवेल’मध्ये पावणेतीनशेच्या वर दुकानं नि उपाहारगृहं आहेत. आणि मैत्रिणींनो, आधी इथे काय होतं ठाऊक आहे? पहिल्या टर्मिनलच्या मोटारी उभ्या करायची मोकळी जागा!

तुम्ही म्हणाल, विमानतळाला हा उद्योग कशाला? विमानं उतरवण्याचे पैसे मिळतात की! मिळतात, पण ते फार वाढवून चालत नाही. बँकॉक नि क्वालालंपूर जवळच आहेत. महाग वाटलं तर विमान कंपन्या तिकडे वळायच्या. तेव्हा विमानांपेक्षा विमानात बसणाऱ्यांकडून कमाई केलेली बरी. विमानतळांवर दुकानदारांशी करार बहुधा असा असतो : ठरलेलं किमान भाडं किंवा विक्रीतला ठराविक हिस्सा, यांपैकी जे जास्त ते द्यायचं. म्हणजे तुम्ही सेंटची बाटली घेतलीत की त्यातले चार पैसे विमानतळाच्या गल्ल्यात!

यासाठी माणूस रमला पाहिजे, हे चांगीने फार नेमकं ओळखलंय. तिसऱ्या टर्मिनलमध्ये २००८ पासून फुलपाखरांची बाग आहे, तीही फुकट. कंटाळलेली बाई खुर्चीत पाय वर घेऊन बसते. बाग पाहून ताजीतवानी झालेली चार दुकानं हिंडते. ‘ज्युवेल’मध्ये काही कंपन्यांचं सामान वेळेच्या बरंच आधी देऊन टाकता येतं. हात मोकळे झाले, की पिशव्या धरायला तयार! (आपल्या लग्नघरातल्या मोठ्या बायकांनाही हे शास्त्र कळतं, नाही का?)

खरी हुशारी मात्र ‘ज्युवेल’ पासपोर्टच्या तपासणीच्या अलीकडे बांधण्यात आहे. तिकीट नसलं तरी कुणीही यावं. सिंगापूरची मंडळी मुलाबाळांसकट इथे जेवायला येतात. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी विमानतळावर अभ्यासाला बसतात. २०२० मध्ये करोनामुळे विमानं जवळजवळ थांबली, दोन टर्मिनलं बंद ठेवावी लागली, तेव्हा चांगीने गावकऱ्यांनाच साद घातली. विमानतळाकडे येणाऱ्या वाटेवर डायनोसॉर उभे केले, ‘ज्युवेल’मध्ये रात्री राहायला तंबू ठोकले! प्रवाशांची उणीव त्याने भरून निघणं शक्यच नव्हतं, पण दिवे तरी लागलेले राहिले.

तुम्ही जाल तेव्हा धबधबा डोळे भरून पाहा, त्याला पैसे पडत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या बागेला मात्र तिकीट आहे. घ्यायच्या वस्तूंचे आपल्याकडचे भाव चिठ्ठीवर लिहून न्या. ‘ड्यूटी फ्री’ म्हणजे स्वस्तच असं नाही हं! आणि घरच्यांसाठी बिस्किटं-चॉकलेटं हवी असतील, तर तिसऱ्या टर्मिनलच्या तळघरात सुपरमार्केट आहे. तेही तपासणीच्या अलीकडेच, तेव्हा आत शिरण्यापूर्वी ते उरकून घ्या.